न मारलेल्या तीन हाका

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वर करून विचारायला नको. भूत, देवचार, झपाटणं, उतरवणं… यातलं काहीही मी मानत नाही. एकतीस वर्षं मी पेडणे तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. तापाने फणफणलेल्या पोरांच्या गळ्यात घाडी-मांत्रिकाने बांधलेले दोरे मी स्वतःच्या हाताने कात्रीने कापले आहेत, आणि वर त्यांच्या आज्यांना चार शब्द सुनावले आहेत. तुमच्या या भुताखेतांच्या सदरात लोक लिहितात ते वाचून मी म्हणायची, ह्यांना एकेक सलाईन लावा. आता तुम्ही मला लावा, माझी ना नाही. पण जे झालं ते सकाळी सात वाजता, लख्ख शुद्धीत, माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणि तेव्हा मला चष्मासुद्धा नव्हता.

आमचं घर मांद्र्याला. माडांच्या बागेत मागे दोन खोल्या बांधल्यात, त्या पर्यटकांना भाड्याने द्यायचो. आमचे हे बार्जवर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य होते. खाणी तेव्हा धडाक्यात चालू होत्या. डिचोलीच्या बाजूला नदीकाठी धक्के होते, तिथे ट्रकांनी आणलेलं खनिज बार्जमध्ये भरायचं आणि मांडवीतून खाली मुरगावला मोठ्या जहाजावर नेऊन ओतायचं. आठ-आठ दिवस हे पाण्यावर असायचे. घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत तांबडे. आणि फाटकाकडूनच बोंब ठोकायचे, "आयलों गो!" शेजारची कुत्री भुंकायला लागायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "या, पण न्हाणीघराकडून या! फरशी पुसलीय!" त्या मातीचे डाग धुऊन धुऊन माझी नखं तांबडी झाली होती. रक्ताचा डाग निघतो हो, खनिजाचा निघत नाही. उन्हात धरला तर चकाकतो वर.

तर एका श्रावणात, सारमानसच्या अलीकडच्या एका धक्क्यावर, दोर बांधताना ह्यांचा पाय घसरला आणि हे पाण्यात पडले. बार्ज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत. खलाशांनी चार-पाच मिनिटांत वर ओढलं. पोटात पाणी गेलं होतं, ते काढलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या दिवशी हे घरी आले. रिक्षातून उतरून फाटक उघडलं, आत आले, सोप्यावर बसले.

"आयलों" म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि पुढे दोन वर्षं नाही.

वेड लागलं असं समजू नका. उठवलं की उठायचे. ताट वाढलं की जेवायचे. आंघोळ करा म्हटलं की करायचे. काही विचारलं तर "हूं". पण आत कुणी नाही… घराला कुलूप नसावं, दिवे चालू असावेत आणि हाक मारली तर कुणी बाहेर येऊ नये, तसं. हा माणूस पूर्वी कसा होता! मला "डॉक्टरीण" म्हणून चिडवायचा. मासे विकणाऱ्या बाईशी अर्धा तास घासाघीस करून शेवटी तिला हवे तेवढेच पैसे द्यायचा. साखळीला विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत नावा सोडतात, त्यासाठी महिनाभर आधीपासून बसून कागदाची आणि सुपारीच्या पोयीची, म्हणजे वाळक्या सालपटाची, बार्ज बनवायचा. तीसुद्धा हुबेहूब, आतमध्ये पणत्या. आता तो माणूस समोर बसलेला असायचा आणि मी त्याला शोधत असायची.

मी सोडणाऱ्यांतली नाही. म्हापसा झालं, पणजी झालं, मुंबई झाली. मेंदूचे फोटो काढले, रक्त तपासलं, मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या, बदलल्या, पुन्हा दिल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, धीर धरा." मी म्हटलं, धीर आहे माझ्याकडे भरपूर, नवरा नाहीये.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. त्यांना सगळे आये म्हणायचे, मीसुद्धा. माहेर सावंतवाडीकडचं, पन्नास वर्षं गोव्यात काढून भाषा मात्र सोडली नाही. हे घरी आले त्याच संध्याकाळी आयेने ह्यांची हनुवटी धरून तोंडाकडे बघितलं आणि मला आत बोलावलं.

"हंयसर निसता आंग इला," ती म्हणाली. "तो थंयच रवलो. न्हंयेन तेका ठेवून घेतल्यान. तू थंय जा. तेचो शर्ट घे, वायच भात घे, आणि तेचा नाव घेऊन तीन हाको मार. येतलो."

"आये, नदी कुणाला ठेवून घेत नाही. त्यांना शॉक बसलाय. औषधाने बरं वाटेल."

"औषध दी गो. नको कोण म्हणता? पण हाको मार."

"मग तुम्हीच मारा. आई आहात तुम्ही."

"माझ्या हाकेन आता येवचो नाय. बायलेच्या हाकेन येतलो. चूल तुझी आसा."

मी गेले नाही. आये दर सोमवारी आठवण करायची, ओरडून नाही, हळूच. "आज जातंस गो?" मी म्हणायची, आज ड्युटी आहे. स्वतःला मी सांगायची की असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ते खरंच होतं… पण पूर्ण खरं नव्हतं. इथे लिहितेय तर खरं लिहिते. मला लाज वाटत होती. नवऱ्याचं नाव मी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात उखाण्यात, आणि तेही इतकं हळू की नणंदेने पुन्हा घ्यायला लावलं. त्यानंतर नाही. "अहो", "वृंदाचे बाबा", "आमचे हे"… चालायचं. रेशनकार्डावर लिहायची, बँकेत लिहायची, तोंडाने नाही. एवढी मी शिकलेली, लोकांच्या गळ्यातले दोरे कापणारी, आणि ही एक गोष्ट काही सुटली नव्हती. आता धक्क्यावर पन्नास खलाशी, ट्रकवाले, चहाच्या टपरीवरची माणसं… त्यांच्यासमोर उभं राहून नवऱ्याच्या नावाने बोंबा मारायच्या? सिस्टरबाईंनी? छे!

वर्षभराने, दिवाळीच्या तोंडावर, आये गेली. झोपेतच. ह्यांनी अग्नी दिला. मडकं खांद्यावर घेऊन फिरा म्हटलं, फिरले. डोळ्यांतून एक टिपूस नाही. लोक म्हणाले, बिचाऱ्याला कळत नाही. दहावं, बारावं, पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध, सगळं भटजींनी सांगितलं तसं ह्यांनी केलं, आणि केल्यावर सोप्यावर येऊन बसले.

आमची मुलगी वृंदा तेव्हा थायलंडमध्ये होती. मांद्र्याच्या आमच्याच खोलीत राहिलेल्या एका बाईच्या ओळखीने तिला तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं. बँकॉक वगैरे नाही, उत्तरेला, मे होंग सोन नावाचा प्रांत आहे, सगळा डोंगर. वर्षश्राद्धाच्या आधीच तिचा फोन आला होता. "आई, बाबांना इकडे घेऊन ये. इथे हवा चांगली आहे. नद्या आहेत, देवळं आहेत. बदल होईल." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले न्यायला हरकत नाही. झालं! मी रजा टाकली, पासपोर्ट काढले, उकडे तांदूळ आणि कोकमाची सोलां बॅगेत भरली. नणंद म्हणाली, "अशा माणसाला घेऊन परदेशात? डोकं फिरलंय तुझं." मी म्हटलं, एकाचं तरी फिरू दे.

विमानतळावर खिडकीतल्या माणसाने ह्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, नाव काय? हे गप्प. मी पासपोर्ट पुढे सरकवला. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सरकवला. त्याला वाटलं असेल दोघंही मुकी आहेत.

चिआंग माईहून मे होंग सोनला छोट्या बसने गेलो. चोर्ल्याचा घाट लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एकदा त्या रस्त्याने जावं! वळणं संपतच नाहीत. मला तीनदा उलटी झाली, हे शांत बसून राहिले. वृंदा एका म्हातारीच्या लाकडी घरात भाड्याने राहत होती. म्हातारी सत्तरीची, बुटकी, दात पानाने काळे, एकटीच. तिला सगळे याई म्हणत, म्हणजे आजी. आम्ही जिना चढून वर आलो, तिने हात जोडले, आम्हीही जोडले. मग ती ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ तोंडाकडे बघत राहिली. वृंदाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

वृंदा घुटमळली. "काही नाही गं… म्हणते, बाकीचे कुठे राहिले?"

"कोण बाकीचे? आम्ही दोघंच आलोय."

"तसं नाही, आई. ती बाबांबद्दलच विचारतेय. बाबांचं बाकीचं कुठे राहिलं."

माझ्या अंगावर काटा आला वगैरे काही नाही. राग आला. पंधराशे मैलांवर येऊन पुन्हा तेच! मी वृंदाला म्हटलं, तिला सांग, तुझे दात किडलेत, ते बघ आधी. वृंदाने अर्थातच सांगितलं नाही.

पुढचे पाच दिवस मी ह्यांना घेऊन गाव पालथं घातलं. एकदा ठरवलं की ठरवलं, काहीतरी बघून ह्यांच्या डोळ्यांत हलायलाच हवं. गावाच्या मधोमध तळं आहे, काठावर दोन देवळं चिकटून उभी. छपरावर छप्पर, छपरावर छप्पर, कडांना पत्र्याची जाळीदार नक्षी, लग्नातल्या कागदी पताकांसारखी कातरलेली. डोंगरावर दोन पांढऱ्या स्तूपांचं देऊळ, तिथे ह्यांना पायऱ्यांनी चढवून नेलं. धापा टाकत वर पोचलो तर सगळीकडे धुकं, काही दिसेना! एका देवळात मी पाय पुढे पसरून बसले तर एक बाई धावत आली आणि माझे पाय मागे वळवले. बुद्धाकडे पाय करायचे नसतात. मी कान पकडून माफी मागितली, ती हसली. आमच्याकडे कौल लावतात तसं तिथे बांबूच्या डब्यातल्या काड्या हलवून देवाला विचारतात. वृंदाने डबा ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो तसाच धरून ठेवला, हलवला नाही. मी डबा काढून घेऊन जागेवर ठेवला आणि म्हटलं, चला, जेवायला चला. भात चिकट, मासळीला वेगळाच वास, आणि सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव नाही. पण मी तक्रार केली नाही. तक्रार करायला मी आलेच नव्हते.

पौर्णिमेला त्यांचा सण होता. आपली त्रिपुरारी, तीच त्यांची. केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाची, चकती कापून तिच्यावर पानाची घडी घालत कमळ करायचं, फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावायची आणि पाण्यात सोडायचं. मी बघतच राहिले. आपलंच की हे! संध्याकाळी सगळं गाव तळ्याकाठी, पोरीबाळी नटूनथटून, आणि पाण्यावर दिवेच दिवे. वृंदाने आमच्यासाठी एक घेतलं होतं. मी ते पाण्यावर ठेवलं तर एका बाजूला कललं.

तेव्हा ह्यांचा हात पुढे आला. ह्यांनी ते उचललं, केळीच्या सोपाखालची एक टाचणी काढली, दुसरीकडे खोचली आणि परत पाण्यावर ठेवलं. सरळ गेलं.

एवढंच. परत हात मांडीवर. पण मी बघितलं ना! दोन वर्षांत कुणी न सांगता ह्यांनी केलेली ती पहिली गोष्ट होती. मी तिथेच तळ्याकाठी बसून रडले. वृंदा मला धरून होती. आणि याई, जी आमच्याबरोबर आली होती, ती पुढे वाकून वृंदाशी काहीतरी ठाम बोलायला लागली.

"आई, रागावू नकोस," वृंदा म्हणाली. "याई म्हणते, ते जवळपास आहेत. उद्या सकाळी बोलवू या."

"कसं बोलवणार?"

"इथे एक पद्धत आहे. कुणी पाण्यात पडलं, अपघात झाला, की जिवाचा एक भाग तिथेच राहतो म्हणतात. मग मासे पकडायचं हातजाळं घेऊन नदीवर जायचं, आणि जाळ्याने तो उपसून आणायचा. बाबांचा शर्ट लागेल. भात, अंडं, केळं. आणि हाक बायकोने मारायची. नाव घेऊन. तीन वेळा."

मी वृंदाकडे बघत राहिले. आयेचं बोलणं मी वृंदाला कधीच सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते. लाजेची गोष्ट होती ती, मी कुणालाच सांगितली नव्हती.

"पण बाबा इथल्या नदीत पडले नाहीत," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

वृंदाने विचारलं. याईने हात हलवला. तुमची नदी समुद्राला मिळते का? मिळते. मग आमचीही मिळते. एवढंच उत्तर.

माझा तेव्हाही विश्वास बसला नव्हता, हे लिहून ठेवा. पण मी मनात म्हटलं, आयेने वर्षभर विनवलं आणि तू गेली नाहीस. इथे तुला ओळखणारं काळं कुत्रं नाही. आता लाज कुणाची?

सकाळी पाई नदीवर गेलो. धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता, पण पाणी मात्र स्वच्छ, काचेसारखं. तळाचे गोटे मोजता आले असते. हे मी मुद्दाम लिहितेय, लक्षात ठेवा. ह्यांना काठावर दगडावर बसवलं, अंगावर घोंगडी. वृंदा त्यांच्याजवळ. मी आणि याई पाण्यात, गुडघाभर. पाणी असं गार की पायांत सुया टोचाव्यात. जाळं म्हणजे बांबूच्या दांड्याचं, सुपाएवढं. त्यात याईने ह्यांचा पांढरा शर्ट घडी करून ठेवला. आदल्या दिवशी मीच धुऊन वाळत घातलेला शर्ट. त्यावर भाताचा गोळा, अंडं, केळं. तिने जाळं पाण्यात बुडवलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिली आणि मला मानेने खुणावलं.

मी तोंड उघडलं आणि काय आलं असेल?

"अहो!"

काठावरून वृंदा खुदकन हसली. याईने तिला काहीतरी विचारलं. वृंदा म्हणाली, "आई, ती विचारतेय, बाबांचं नाव 'अहो' आहे का?"

मलाही हसू आलं. हसताहसता रडू आलं. आणि मग मी डोळे मिटले आणि म्हटलं,

"दामोदर."

कुणाला ऐकू गेलं नसेल. माझं मलाच नवीन वाटलं. पंचवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं नाव माझ्या जिभेला ओळखीचं नव्हतं. याईने मान हलवली… मोठ्याने.

"दामोदर!"

धुक्यात आवाज गेला आणि काहीच झालं नाही. काय होणार होतं? मला एकदम इतका संताप आला म्हणून सांगू! नदीचा, डॉक्टरांचा, ह्यांचा, सगळ्यात जास्त माझा. दोन वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

"दामोदर!" मी किंचाळले. "पुरे झालं आता! किती वाट बघायची माणसाने? घरी ये! ऐकू येतंय का? घरी ये!"

अरे-तुरे केलं मी नवऱ्याला. पाखरं उडाली झाडावरची.

याईने जाळं वर उचललं. एवढंसं जाळं, पण तिला एकटीला पेलेना, मीही दांडा धरला. आणि जाळ्यातून पाणी गळायला लागलं, ते तांबडं होतं.

पुन्हा लिहिते. तांबडं. खाली नदी स्वच्छ, गोटे दिसताहेत, आणि जाळ्यातून तांबडा चिखल गळतोय आणि माझ्या पायांजवळ पाण्यात लाल ढग होऊन वाहत जातोय. केळं, अंडं, भात… सगळं माखलेलं. शर्टाचा तर रंग ओळखू येईना. याई पुटपुटायची थांबली. तिने आयुष्यभर हे केलं असेल, पण असं तिनेही बघितलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिने वृंदाला एकच प्रश्न विचारला, आणि वृंदाने तो मला सांगितला.

"तुमची नदी लाल आहे का?"

मी शर्ट हातात घेतला. बोटांनी चोळला. ती बारीक, जड, चकाकणारी माती… वीस वर्षं हे कपडे धुतलेत मी. मला कुणी शिकवायला नको.

आम्ही काठावर गेलो. याईने स्वतःला सावरलं, शर्ट ह्यांच्या खांद्यावर टाकला आणि पांढरा दोरा ह्यांच्या मनगटाला बांधला. त्या दोऱ्यालाही तिच्या बोटांचं तांबडं लागलं. ह्यांनी दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्या ओल्या साडीकडे. आणि हे कुडकुडायला लागले. दात वाजायला लागले. दोन वर्षं ह्यांना ना थंडी वाजली होती, ना उकडलं होतं.

"कितली थंडी गो ही!" हे म्हणाले. "आनी तूं उदकांत कित्याक?"

तोच आवाज. फाटकावरचा. वृंदाने "बाबा!" म्हणून गळ्यात हात टाकले. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं, डोंगराकडे, याईकडे, काहीच समजत नसल्यासारखं. आणि मग म्हणाले,

"आयेक फोन कर. हांव बरो आसां म्हूण सांग. ती वाट पळयत आसतली."

नोकरीत मी किती लोकांना मरणाची बातमी सांगितली असेल याचा हिशेब नाही. कसं सांगायचं ते आम्हाला शिकवतात. बाजूला बसायचं, हात धरायचा, घोळवायचं नाही. मी बाजूला बसले, हात धरला, आणि मला शब्द सापडेना. शेवटी वृंदानेच सांगितलं. वर्ष झालं, बाबा. दिवाळीच्या आधी. झोपेत गेली, त्रास झाला नाही.

ह्यांनी मान नदीकडे वळवली. मी घाबरले, वाटलं परत गेले.

"अग्नी कोणें दिलो?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

ह्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसे. आणि मग रडले. असा रडणारा पुरुष मी दवाखान्यातही बघितला नाही. याई जवळ बसून पाठीवर हात फिरवत राहिली आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. वृंदाने त्याचं भाषांतर केलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मांद्र्याला घरी आलो. फाटकाकडून हे ओरडले नाहीत. आयेच्या खोलीत जाऊन तिच्या खाटेवर बसले, संध्याकाळपर्यंत. मी दाराशी बसून सगळं सांगितलं. आयेने काय सांगितलं होतं, मी का गेले नाही, दर सोमवारी ती काय विचारायची. लपवलं नाही काही. ह्यांनी ऐकून घेतलं. एक शब्द बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा विचारलं, "चाय केल्या?" आणि मी चहा ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टर, याला शास्त्रीय कारण असेल. मीही शोधलं. एक, अशी माणसं कधी कधी आपोआप बरी होतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि मी मान्य करते. दिवे सोडताना ह्यांचा हात पुढे आला होताच, सुरुवात झाली असेल. दोन, तिथल्या डोंगरातही लाल माती आहे, मी डोळ्यांनी बघितलीय. वरून कुठून वाहून आली असेल… फक्त जाळ्यात? बाजूचं पाणी स्वच्छ ठेवून? ह्यांच्याबरोबरचा एक जुना खलाशी घरी आला होता, त्याला मी काही न सांगता शर्ट दाखवला. त्याने बोटावर माती घासली, उन्हाकडे धरली आणि सहज विचारलं, "खंयच्या धक्क्यावयली ही?" मी शर्ट घडी करून परत ट्रंकेत ठेवला. अजून तिथेच आहे. धुतलेला नाही. तो दोरा अजून ह्यांच्या मनगटावर आहे, झिजून झिजून सुताएवढा उरलाय. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दोरे कापणाऱ्या मला तो कापायची हिंमत झाली नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. भुतांवर माझा विश्वास आजही नाही, आणि तुम्ही पत्र लिहून मला पटवायला जाऊ नका. मला भीती त्या तांबड्या पाण्याची वाटतच नाही. मला डाचतं ते निराळंच. मांद्र्याहून सारमानसचा तो धक्का दोन बसच्या अंतरावर. एक शर्ट, मूठभर भात, तीन हाका. सकाळी गेले असते तर दुपारच्या जेवणाला परत आले असते. ह्यांनी फाटकाकडून बोंब मारली असती आणि आयेने ती ऐकली असती.

थायलंडहून आल्यावर दुसऱ्या महिन्यात मी एकटीच त्या धक्क्यावर जाऊन आले. काठावर उभी राहिले. चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. मी ह्यांचं नाव घेतलं नाही, ते आता घरी असतात. मी "आये" म्हणून हाक मारली. तीन वेळा, मोठ्याने, लाज न बाळगता.

तिकडून काही आलं नाही. पाणी तांबडं होतं, ते तर नेहमीच असायचं.